संस्थेच्या निर्णयांत शिरणारे पूर्वग्रह: ते कुठे शोधावेत आणि कसे रोखावेत

मराठवाड्यातील बहुतेक लहान-मोठ्या संस्थांचा कारभार एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या हातात असतो. शिक्षण संस्थेचे कार्यकारी मंडळ असो, पतसंस्थेचे संचालक असोत, महिला बचत गटांचा संघ असो की सोयाबीन आणि तूर खरेदी करणारी शेतकरी उत्पादक कंपनी असो, बैठकीला बसलेल्यांची गावे, भावकी आणि सोयरीक बाकीच्यांना ठाऊक असते. या ओळखीमुळे कामे लवकर मार्गी लागतात आणि अडचणीत माणूस धावून येतो. मात्र कोणाचा अर्ज वरच्या ढिगात ठेवायचा, कोणाच्या चुकीकडे काणाडोळा करायचा आणि कोणाची चूक वर्षभर उगाळायची, हेही याच ओळखीमुळे न बोलता ठरून जाते. त्यामागे द्वेष असतोच असे नाही. बहुतेक वेळा ‘आपल्या माहितीतला’ आणि ‘माहितीत नसलेला’ एवढाच भेद असतो, पण अर्जदाराच्या पदरात जे पडायचे ते पडतेच.

हे मार्गदर्शन सचिव, मुख्याध्यापक, व्यवस्थापक आणि लेखनिक यांच्यासाठी, म्हणजे विषयपत्रिका काढणाऱ्या आणि ठराव लिहिणाऱ्या माणसांसाठी आहे. अध्यक्षांना उद्देशून ते लिहिलेले नाही, कारण बैठकीत कोणता कागद आधी समोर येईल आणि कोणता नंतर, हे अध्यक्षांपेक्षा विषयपत्रिका काढणाराच अधिक ठरवतो, आणि पूर्वग्रहाला वाव मिळतो की नाही हे बरेचसे त्या क्रमावर अवलंबून असते.

सुरुवात जुन्या ठरावांपासून

‘आपल्यापैकी कोणाच्या मनात पूर्वग्रह आहेत?’ असा प्रश्न बैठकीत विचारला, तर प्रत्येकाची नजर दुसऱ्याकडे वळते. हा केवळ आपल्याकडचा स्वभाव नाही. एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की लोक निरनिराळे पूर्वग्रह इतरांमध्ये सहज पाहतात, स्वतःत मात्र ते सरासरीपेक्षा कमी आहेत असे मानतात, आणि त्या पूर्वग्रहांचे स्वरूप समजावून सांगितल्यानंतरही स्वतःविषयीचे मत सोडत नाहीत. म्हणून सभागृह भाड्याने घेऊन, हारतुरे करून एक दिवसाचे प्रबोधन ठेवण्यावर माझा फारसा विश्वास नाही. व्याख्यान सर्वांना पटते आणि ते शेजारी बसलेल्यासाठीच होते असे समजून प्रत्येक जण घरी जातो.

त्याऐवजी मागील एक-दोन वर्षांचे ठराव बुक काढावे आणि माणसांविषयी झालेला प्रत्येक निर्णय वेगळ्या कागदावर उतरवावा: नेमणूक, बढती, वर्ग किंवा विभाग बदलणे, कर्ज मंजूर करणे किंवा नाकारणे, नोटीस देणे, कामाचा ठेका देणे. प्रत्येक निर्णयासमोर दोनच गोष्टी लिहाव्यात. त्या निर्णयाचे कोणते कारण नोंदले आहे? आणि त्याच कारणाने दुसऱ्या एखाद्या अर्जदारालाही तेच मिळाले असते का? ‘सर्वानुमते योग्य वाटल्याने’ किंवा ‘चर्चेअंती’ एवढेच लिहिलेले ठराव जिथे दाटीवाटीने सापडतात, तिथे काम सुरू करावे. कारण न लिहिलेल्या प्रत्येक निर्णयात पक्षपात झाला असे म्हणता येत नाही, परंतु झाला असल्यास तो शोधण्याची सोयच तिथे उरलेली नसते.

नेमणूक: नाव कधी दिसावे आणि कधी दिसू नये

सर्वांत अधिक लक्ष नेमणुकीकडे द्यावे, कारण तिचा परिणाम वीस-पंचवीस वर्षे टिकतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासह केलेला एक अभ्यास या ठिकाणी उपयोगी आहे. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे त्यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. अर्जांवरील शिक्षण आणि अनुभव तुल्य ठेवले होते. फरक होता तो नावात. काही नावे उच्चवर्णीय हिंदू वाटणारी, काही दलित आणि काही मुस्लिम वाटणारी होती. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याच्या संभाव्यतेचे गुणोत्तर काढले, तेव्हा उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावासाठी ते ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ आले. अर्जदाराला कोणी पाहिलेलेही नव्हते; जे घडले ते कागदावरील नाव वाचून घडले.

यावरचा सरळ उपाय म्हणजे पहिल्या छाननीच्या वेळी नाव झाकणे. अर्ज आल्यावर आवक नोंदवहीत त्याला क्रमांक द्यावा, नाव-पत्ता-छायाचित्र असलेले पहिले पान वेगळे करून बंद पाकिटात ठेवावे आणि छाननी समितीपुढे फक्त क्रमांक घातलेली शिक्षण व अनुभवाची पाने ठेवावीत. पाकीट ज्याच्या ताब्यात आहे, तो छाननी समितीत नसावा.

आडनाव झाकले म्हणजे ओळख झाकली, असे मात्र समजू नये. २०२५ च्या सुरुवातीला बीड जिल्हा पोलीस दलात एकमेकांना आडनावाने न पुकारता पहिल्या नावाने हाक मारावी असे ठरले आणि टेबलांवरील नावाच्या पाट्यांवरूनही आडनावे काढण्यात आली. जातीवरून तणाव वाढलेल्या जिल्ह्यात हे पाऊल मला योग्यच वाटते, कारण तक्रार घेऊन आलेल्या माणसाची नजर पाटीवर जाते आणि समोरचा अधिकारी ‘कोणाचा’ आहे याचा हिशेब तिथेच सुरू होतो. तरीही आपल्याकडे आडनाव कळले नाही, की पुढचा प्रश्न ‘गाव कोणते?’ असा येतो, त्यानंतर ‘त्या गावात कोणाकडचे?’, आणि दोन वाक्यांत सारे उलगडते. म्हणून अर्जातून गाव, वडिलांचे नाव, वसतिगृहाचे नाव आणि शिफारस करणाऱ्याचे नाव हे सारे पहिल्या पानावरच घ्यावे, म्हणजे ते एकदमच पाकिटात जाईल.

एक व्यावहारिक शंका इथे हमखास निघते, की नावे झाकली तर आरक्षणाचे काय. अनुदानित संस्थेत कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची आहे हे बिंदुनामावलीने आधीच ठरलेले असते आणि जात प्रमाणपत्रांची पडताळणी हे कार्यालयाचे काम आहे. ती पडताळणी पाकीट सांभाळणाऱ्याने करावी आणि प्रत्येक क्रमांकापुढे ‘या जागेसाठी पात्र’ अथवा ‘अपात्र’ एवढेच लिहून द्यावे. गुण देणाऱ्यांना त्याहून अधिक कळण्याची गरज नसते.

जाहिरात देण्यापूर्वी निकष आणि त्यांचे गुण लिहून काढावेत, आणि ते कामावरून ठरवावेत. गोदाम पर्यवेक्षक हवा असेल तर ‘मनमिळाऊ’, ‘होतकरू’, ‘चांगल्या घरचा’ हे शब्द काही कामाचे नाहीत. त्याला ओलावा मापक यंत्र हाताळता येते का, सोयाबीनच्या ओलाव्याची १२ टक्क्यांची मर्यादा ओलांडलेला माल तो ओळखून बाजूला काढतो का, वजनकाट्याची पावती आणि नोंदवहीतील आकडा जुळवतो का, हे पाहावे. मुलाखतीच्या दिवशी सर्व उमेदवारांना तेच तीन नमुने आणि तेच यंत्र द्यावे. वीस मिनिटांच्या अशा चाचणीत जे दिसते, ते तासभर गप्पा मारूनही दिसत नाही; गप्पांत प्रामुख्याने बोलण्याची सफाई दिसते. लिपिकासाठी टंकलेखन आणि टॅलीतील चार नोंदी, शिक्षकासाठी प्रत्यक्ष वर्गातील एक तासिका, असेच प्रत्येक पदाचे ठरवता येते.

बोलण्याच्या सफाईचा मुद्दा आपल्या भागासाठी नाजूक आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाखतीत मराठवाड्याच्या मुलाच्या तोंडून ‘करायलाव’ किंवा ‘जायलाव’ निसटले की समोरच्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे इथल्या अनेकांनी अनुभवले आहे आणि त्याचा राग सर्वांनाच आहे. पण लातूर किंवा नांदेड शहरातील मुलाखत मंडळ तांड्यावरून आलेल्या किंवा दख्खनी उर्दू घरात वाढलेल्या उमेदवाराचे मराठी ऐकताना तेच करते, हे तितकेसे कोणी बोलत नाही. पदासाठी शुद्ध प्रमाण मराठी खरोखर लागत असेल, तर ‘लेखन’ असा वेगळा निकष ठेवून त्याला ठरावीक गुण द्यावेत. लागत नसेल, तर भाषेचा ठसा इतर निकषांच्या गुणांत मिसळू देऊ नये.

असे मिसळणे किती सहज होते, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० सालीच दाखवले होते. सैन्यातील अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांचे वेगवेगळे गुण दिले होते. प्रत्यक्षात ते गुण एकमेकांच्या इतके जवळ होते, की एका बाबतीत मन भरले म्हणजे बाकीच्या रकान्यांतही गुण भरले जात होते. आपल्याकडे अमुक महाविद्यालयाचा किंवा ‘लातूर पॅटर्न’मधून आलेला म्हटले, की उमेदवाराच्या शिस्तीचे, प्रामाणिकपणाचे आणि शिकवण्याच्या हातोटीचे गुणही आपोआप वर चढतात. उलट, एखाद्या परीक्षा केंद्राचे नाव कॉपीच्या प्रकरणात आले असेल, तर तिथून उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जाते. यावर उपाय असा, की गुण उमेदवारनिहाय न देता निकषनिहाय द्यावेत: सर्वांच्या पहिल्या प्रश्नाचे गुण आधी, मग सर्वांच्या दुसऱ्या प्रश्नाचे. मुलाखतीत हे जमवणे अवघड असते, म्हणून प्रश्न सर्वांना तेच आणि त्याच क्रमाने विचारावेत, आणि प्रत्येक प्रश्नानंतर लगेच गुण लिहावेत. मंडळातील प्रत्येकाने गुणपत्रक स्वाक्षरी करून सचिवाकडे दिल्याशिवाय चर्चेला तोंड फोडू नये.

पहिल्या एक-दोन उमेदवारांकडे विशेष लक्ष द्यावे. रेमा हॅना आणि लेह लिंडेन यांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील प्रयोगात शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासायला दिल्या आणि त्यांवरील जात, वय व लिंग ही माहिती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटून लिहिली. खालच्या मानल्या गेलेल्या जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण मिळाले. फरक लहान होता, पण त्यातील दोन बाबी डोळ्यांवर येतात. एक म्हणजे, गठ्ठ्यातील सुरुवातीच्या उत्तरपत्रिकांत तो अधिक होता, म्हणजे मापदंड मनात पक्का होण्यापूर्वी तपासनीस नोंदीचा आधार घेत होते. दुसरी बाब अशी, की हे कमी गुण देणाऱ्यांत प्रामुख्याने खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील शिक्षकच होते. त्यामुळे मंडळात ‘सर्व समाजांचे प्रतिनिधी’ घेतले म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी थोडे थांबावे. प्रतिनिधित्व हवेच, ते न्यायाचे आहे. पण गुण देण्याची पद्धत त्याने सुधारत नाही. खऱ्या मुलाखतींपूर्वी मंडळाने दोन नमुना उत्तरांना स्वतंत्रपणे गुण देऊन पाहावेत, तफावत कुठे येते ते बोलून घ्यावे आणि मगच पहिल्या उमेदवाराला आत बोलवावे.

शिफारशींचे फोन येणारच. ते थांबवण्याची ताकद सचिवाकडे नसते, पण नोंद करण्याची असते. ‘अमुक तारखेस, अमुक पदासाठी, अमुक यांचा दूरध्वनी आला’ अशी एक ओळ वहीत लिहावी, आणि ती वही बैठकीत टेबलावर असते हे सर्वांना माहीत असू द्यावे.

बैठक: आधी लिहावे, मग बोलावे

आपल्या इतिवृत्तांत ‘एकमताने मंजूर’ हे शब्द इतक्या वेळा येतात, की परक्या माणसाने वाचले तर इथे मतभेद होतच नाहीत असे त्याला वाटेल. प्रत्यक्षात अध्यक्ष बोलतात, ज्येष्ठ संचालक मान डोलावतात, आणि उरलेल्यांपुढे गप्प बसण्याखेरीज काही उरत नाही. सॉलोमन अॅश यांनी १९५१ पासून केलेल्या प्रयोगांत रेषांची लांबी जुळवण्याचा अगदी सोपा प्रश्न विचारला होता. खोलीतील इतर सर्वांनी संगनमताने चुकीचे उत्तर दिले, तेव्हा डोळ्यांना सरळ दिसणारे सोडून सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताच्या बाजूने गेली. मात्र एका जरी माणसाने बरोबर उत्तर दिले, तरी हे प्रमाण झपाट्याने खाली आले. रेषांच्या बाबतीत हे होते, तर ज्यांच्याकडून उद्या आपल्या पोराच्या नोकरीसाठी शब्द टाकून घ्यायचा आहे, त्यांच्यासमोर काय होत असेल याची कल्पना करता येते.

म्हणून महत्त्वाच्या विषयावर चर्चेपूर्वी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्यावी आणि आपले मत व त्याचे एक कारण लिहायला सांगावे. सचिवाने चिठ्ठ्या गोळा करून नाव न घेता सर्व कारणे वाचून दाखवावीत. त्यानंतर बोलण्याचा क्रम उलटा ठेवावा: सर्वांत नवीन सदस्य पहिला, अध्यक्ष शेवटी. बहुतेक अध्यक्षांना सुरुवातीला हे अवघड जाते. ‘साहेब, समारोप आपण करावा’ असे म्हटले, की मान राखला जातो आणि क्रमही साधतो.

महिला सदस्यांच्या बाबतीत थोडे अधिक करावे लागते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत, तरीही सरपंचबाई खुर्चीवर आणि कारभार त्यांच्या यजमानांच्या तोंडी, असे चित्र गावोगाव दिसते. पश्चिम बंगालमध्ये लोरी बीमन, एस्थर डुफ्लो आणि इतरांनी केलेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावकऱ्यांना पुढाऱ्याचे तेच भाषण कधी पुरुषाच्या तर कधी स्त्रीच्या आवाजात ऐकवले. जिथे स्त्री सरपंचाचा अनुभव नव्हता, तिथल्या पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातील भाषण कमी प्रभावी ठरवले. आरक्षणामुळे जिथे स्त्रीने पद सांभाळले होते, तिथे हा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. म्हणजे काम करताना पाहणे हाच इथे मोठा उपाय आहे, आणि पद स्त्रीकडे पण काम दुसऱ्याकडे असेल तर तो उपाय वाया जातो. पत्र सदस्याच्याच नावे आणि हाती द्यावे, फोन त्यांच्याच क्रमांकावर करावा, सदस्य नसलेल्या नातेवाइकांना बैठकीच्या खोलीत खुर्ची ठेवू नये. इतिवृत्तात सूचना प्रथम कोणी मांडली त्यांचे नाव लिहावे; एखाद्या ताईंनी मांडलेली सूचना दहा मिनिटांनी दुसऱ्या कोणी मोठ्या आवाजात मांडली, की ती त्यांच्या नावावर जमा होते, हे नेहमीचेच आहे.

वर्गात आणि कार्यालयात जात उच्चारण्याविषयी

शाळा-महाविद्यालयांत एक प्रथा अजून टिकून आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असले, की शिक्षक भर वर्गात प्रवर्गानुसार मुलांना उभे करतात किंवा यादी मोठ्याने वाचतात. त्यांच्या मनात काही वाईट नसते. मुदत संपत आलेली असते, महाडीबीटीचे संकेतस्थळ चालत नसते आणि शिपायाला सहा वर्गांत निरोप द्यायचा असतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांसोबत केलेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अशा शिक्षकांना आवर्जून सांगावा. उच्च मानल्या गेलेल्या जातींतील ३२१ आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील ३२१ मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले होते. जात उच्चारली गेली नाही, तेव्हा दोन्ही गट सारखेच ठरले. सर्वांसमोर नाव-गावासह जात जाहीर केल्यावर खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील मुलांचे यश लक्षणीय घटले. मुले तीच आणि चक्रव्यूहही तसेच होते.

यादी सूचनाफलकावरही लावू नये, कारण फलक वाचायला सर्वच येतात. पालकांच्या मोबाईलवर वैयक्तिक संदेश पाठवावा किंवा ‘कार्यालयात भेटावे’ अशी चिठ्ठी द्यावी, आणि ती चिठ्ठी गणवेश, ग्रंथालय, ओळखपत्र अशा इतर कामांसाठीही वापरात असावी, म्हणजे चिठ्ठी मिळाली यावरून काही कळणार नाही.

उशीर, गैरहजेरी आणि शेरे

स्वतःला उशीर झाला तर एसटी चुकलेली असते. दुसऱ्याला झाला तर तो आळशी असतो. माणसाच्या वागण्याचे कारण त्याच्या परिस्थितीत न शोधता स्वभावात शोधण्याची ही सवय शेऱ्यांच्या वहीत सर्वांत ठळक दिसते. बीड, धाराशिव, जालना जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या आसपास परततात. त्यांच्या मुलांसमोर हजेरीपत्रकात ‘अनियमित’ आणि प्रगतिपुस्तकात ‘पालकांचे लक्ष नाही’ असे लिहिले जाते. वास्तविक त्या पालकांचे लक्ष मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर असते, आणि मुलाला मागे ठेवायचे तर कोणाजवळ, हा प्रश्न त्यांच्यापुढे दरवर्षी नव्याने उभा राहतो. ‘स्थलांतरित, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत’ असे लिहिले, तर पुढच्या शिक्षकाला काय करायचे ते कळते. ‘लक्ष नाही’ या शेऱ्यातून काहीच कळत नाही.

कर्मचाऱ्यांच्या गोपनीय अहवालासाठी यावरून एक नियम करता येतो: प्रतिकूल शेरा लिहायचा असेल तर त्यात तारीख, घटना आणि त्या व्यक्तीने दिलेले स्पष्टीकरण या तीन गोष्टी हव्यात. विशेषणे चालणार नाहीत. ज्यांच्याविषयी आपले मत चांगले आहे त्यांच्या अनुकूल शेऱ्यालाही हाच नियम लावावा. तेव्हा अनेक ‘कर्तव्यदक्ष’ लोकांच्या बाबतीत लिहायला घटना सापडत नाही, असा अनुभव येतो.

आकड्यांना चिकटलेले मन

काही पूर्वग्रह माणसांविषयीचे नसून आकड्यांविषयीचे असतात, आणि त्यांचा फटका सभासदांच्या खिशाला बसतो. अॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली मांडलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: १० किंवा ६५ वरच थांबणारे चक्र फिरवून, मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतील देशांचे प्रमाण किती टक्के आहे असे विचारले. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, तरी १० पाहिलेल्यांचा मध्यम अंदाज २५ आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५ आला.

आपल्याकडचे चक्र २०२१ च्या पावसाळ्यात फिरले. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेले, आणि नवीन माल बाजारात येताच भाव कोसळला. त्या हंगामाचा हमीभाव ३,९५० रुपये होता. तरीही पुढची दोन-तीन वर्षे अनेक घरांत आणि अनेक कंपन्यांच्या गोदामांत माल ‘दहा हजारांची’ वाट पाहत पडून राहिला. उत्पादक कंपनीच्या संचालकांनी यासाठी काढणीपूर्वीच एक कागद करावा. त्यावर गोदामभाडे, व्याज आणि वजनातील घट यांचा मासिक खर्च मांडावा, आणि कोणत्या तारखेपर्यंत किती हिस्सा मिळेल त्या भावाने विकायचा हे लिहून ठेवावे. भावाचा अंदाजही प्रत्येकाने चिठ्ठीवर स्वतंत्र लिहावा. कोणी एकाने जुना आकडा मोठ्याने उच्चारला, की बाकीचे अंदाज त्याच्याभोवतीच घोटाळतात.

कूपनलिकेचेही असेच. ठरलेल्या खोलीपर्यंत पाणी लागले नाही, की ‘एवढा खर्च केलाच आहे, आणखी शंभर फूट घेऊ’ असे कोणीतरी म्हणतोच. झालेला खर्च परत येत नसतो; पुढच्या शंभर फुटांना पाणी लागण्याची शक्यता किती, एवढाच प्रश्न तिथे उरतो. गाडी दारात येण्यापूर्वी कमाल खोली ठरावात लिहावी. अर्धवट राहिलेले सभागृह, न चाललेली दाल मिल यांनाही हेच लागू आहे.

वर्षातून एकदा मोजणी

वरील सारे उपाय केले, तरी ते लागू पडले की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. पतसंस्थेने वर्षभरातील कर्जअर्जांचा एक तक्ता करावा: अर्ज किती आले, किती मंजूर झाले, मंजुरीला किती दिवस लागले, मागितलेल्या रकमेपैकी किती दिली. हे आकडे स्त्री-पुरुष, गाव, आणि अर्जदाराची कोणा संचालकाशी ओळख होती का, यानुसार वेगळे काढावेत. ‘दिवस’ हा रकाना अजिबात गाळू नये. नकार देताना माणूस सावध असतो, त्यामुळे भेद बहुधा दिरंगाईत लपतो: ओळखीच्याची फाईल चार दिवसांत निघते आणि दुसऱ्याला ‘आणखी एक जामीनदार आणा’ म्हणून तीन वेळा परत पाठवले जाते. थकबाकीचा रकानाही जोडावा. ओळखीच्यांना दिलेले कर्ज सुरक्षित असते, ही समजूत खरी आहे की खोटी, हे आपल्याच वहीतून समोर येईल.

तक्ता वाचताना घाई करू नये. बारा अर्जांत दोन नकार एकाच वस्तीतील निघाले, तर तो योगायोगही असू शकतो. तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र केल्यावर तोच कल टिकला, तर तो गांभीर्याने घ्यावा. कोणी केले असे न विचारता, फरक नेमका कोणत्या पायरीवर पडतो, ते शोधावे: अर्ज देताना, छाननीत, जामीनदाराच्या अटीवर की अंतिम मंजुरीत. पायरी सापडली की त्या पायरीचा नियम बदलता येतो.

जातिवाचक शिवीगाळ, अडवणूक किंवा लैंगिक छळ हे मात्र या मार्गदर्शनाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना पूर्वग्रहाचे नाव देऊन चिठ्ठ्या आणि तक्त्यांत गुंडाळणे हा तक्रारदारावर दुसरा अन्याय ठरेल. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, तसाच २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदाही आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे या दुसऱ्या कायद्याने बंधनकारक आहे.

सर्व बदल एकाच वेळी करायला गेल्यास संचालक मंडळ बिथरते. चिठ्ठ्यांची पद्धत पुढच्याच बैठकीपासून सुरू करता येते, तिला खर्च नाही आणि ठरावाचीही गरज नाही. नावे झाकणे आणि कामाची चाचणी घेणे हे जागा निघेल तेव्हा, परंतु जाहिरातीपूर्वी ठराव करून घ्यावे, कारण अर्ज आल्यानंतर नियम बदलला की तो कोणासाठी बदलला याची चर्चा गावभर होते. मोजणीचा तक्ता सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी तयार ठेवावा आणि विषयपत्रिकेवर त्याला लाभांशाच्या आधीचा क्रमांक द्यावा. लाभांश जाहीर झाला की मंडपातली निम्मी माणसे उठून जेवणाच्या रांगेत जातात.